दुसऱ्या रिंगपर्यंत न पोचलेल्या पिना

ही गोष्ट मी अकरा वर्षं टाळत आलो. बायकोला अर्धी सांगितली आहे. अर्धी सांगितली की सगळी सांगितल्यासारखं वाटतं, आणि माझं तेवढ्यावर भागत होतं. एकदाच, मालकाच्या केबिनमध्ये, मला थेट विचारलं गेलं. तेव्हा मी दिलेलं उत्तर शब्दाला शब्द लावून पाहिलं तर खोटं नव्हतं. तरी ते खोटंच होतं. हे दोन्ही एकाच वेळी कसं असू शकतं, याचा घोळ माझ्या डोक्यात अजून मिटलेला नाही. तो मिटेल म्हणून मी लिहायला थांबलो होतो. आता वय पाहता थांबण्यात अर्थ नाही.

मी बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात तपासणीचं काम करायचो. तिथे पंपात बसणाऱ्या स्टीलच्या पिना बनत, बोटाएवढ्या. माझ्या टेबलावर दोन रिंगा असायच्या. पहिली रिंग म्हणजे पिन जास्तीत जास्त जेवढी जाड चालेल, तेवढं तिचं भोक. पिन तिच्यात गेली नाही तर ती जाड. पुन्हा घासायला पाठवायची. गेली, तर लगेच दुसरी रिंग. हिचं भोक कमीत कमी मापाचं. पिन हिच्यातही गेली तर ती बारीक, म्हणजे भंगार, कारण घासून कमी करता येतं, वाढवता येत नाही. पहिलीत गेली पाहिजे आणि दुसरीत जाता कामा नये. एकतीस वर्षं माझे हात हेच करत होते. पिन पहिल्या रिंगमधून बाहेर आली की माझा हात न विचारता दुसऱ्या रिंगकडे जायचा. हे मुद्दाम सांगतो, कारण माझी चूक तिथूनच निघाली.

माझ्या निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष उरलं असताना मालकांनी मोजमापाचा इलेक्ट्रॉनिक स्टँड आणला. पिन ठेवायची, सुई टेकवायची, आकडा आपोआप दिसायचा. त्या आकड्यावरून पिन चांगली की वाईट ते ठरवून दिवा लावण्यासाठी एक लहानसा बोर्ड होता आणि त्याचा प्रोग्राम लिहायला एक मुलगी शिकाऊ म्हणून घेतली होती. नागपूरची, इंजिनिअरिंग नुकतंच संपवलेली. सहा महिने काम पाहून कायम करायचं, असं ठरलं होतं.

आमचं घराणं बेंगळुरूत किती पिढ्यांपासून आहे ते मलाही नीट माहीत नाही. घरात मराठी बोलतो, पण त्यात कन्नड किती मिसळलंय ते तिच्यासमोर बोलायला लागल्यावर कळलं.

"स्वल्प थांब, दाखवतो," असं मी पहिल्या दिवशी म्हणालो, तर ती हसायलाच लागली.

"काका, तुमचं मराठी तीनशे वर्षं जुनं आहे. अपडेट मारा ना जरा!"

"आणि तुझं? 'करून राहिली, जाऊन राहिली'. एकदा कुठे राहायचं ते ठरव."

त्या दिवसापासून आमचं जमलं. कारखान्यात सगळे मला अण्णा म्हणत. काका म्हणणारी ती एकटीच.

तिने मला विचारलं, "तुम्ही कसं ठरवता, ते सांगा. जसं करता तसंच." मी तिच्यासमोर पन्नासेक पिना तपासल्या. ती वहीत लिहीत होती. मग तिने सी भाषेत जे लिहिलं, ते माझ्या हातांसारखंच होतं. आकडा वरच्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर पिवळा दिवा. आकडा वरच्या मर्यादेच्या आत असेल तर हिरवा. आणि त्यानंतर वेगळी ओळ: आकडा खालच्या मर्यादेपेक्षाही कमी असेल तर हिरवा विझवून लाल. तीन वेगवेगळे 'इफ', एकाखाली एक.

"हा तुमचाच हात आहे काका," ती म्हणाली. "मी फक्त टाइप केला."

हे ऐकून मला काय झालं कोण जाणे. साठीला आलेला माणूस, पण मी बनशंकरीत घराजवळ, एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर चालणाऱ्या सी भाषेच्या वर्गात नाव घातलं. दर शनिवारी दुपारी. कॉलेजची पोरंपोरी आणि त्यांच्यात मी. शिकवणारी बाई माझ्या मुलीपेक्षा लहान. 'इफ' म्हणजे जर, 'एल्स' म्हणजे नाहीतर, अट खरी असेल तर ही वाट, खोटी असेल तर ती. मला वाटलं, यात काय मोठं? हे तर मी आयुष्यभर करतोय. पाच-सहा शनिवारांत मी तिचा प्रोग्राम वाचू लागलो. वाचू लागलो म्हणजे वाचता येतो असं मला वाटू लागलं.

पिनांचं माप बदललं की दोन आकडे बदलावे लागायचे. दर वेळी तिला बोलवायला नको म्हणून तिने ते मला शिकवलं. संगणकावर फाइल उघडायची, वरचे दोन आकडे बदलायचे, केबल लावून बोर्डात भरायचं.

"फक्त हे दोन आकडे काका. खाली हात लावायचा नाही."

"नाही लावणार गं."

"शपथ?"

"अगं, मी काय लहान आहे का?"

त्या प्रोग्राममध्ये एक खोड होती. पिन बारीक असली की आधी हिरवा दिवा लागायचा आणि मग क्षणभराने लाल. कारण सरळ होतं. आधी पहिली रिंग, मग दुसरी, आणि मध्ये तिने सुई स्थिर व्हायला थोडा वेळ ठेवला होता. पण स्टँडवर बसणाऱ्या बायकांचा वेग मोठा. हिरवा दिसला की त्यांचा हात चांगल्या पिनांच्या ट्रेकडे निघायचा, तेवढ्यात लाल. मग पिन परत उचला.

"अण्णा, ई दीप सरी इल्ल," त्यांच्यातली एक रोज मला ऐकवायची. हा दिवा बरोबर नाही. "आधी हो म्हणतो, मग नाही म्हणतो. आमच्या घरच्यासारखा."

मी मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "माहीत आहे काका, आल्यावर नीट करते." तिच्या चुलत बहिणीचं लग्न होतं, चार दिवस नागपूरला निघाली होती. जायच्या दिवशी घाईघाईत तिने त्या फाइलमध्ये मधला वेळ थोडा कमी करून पाहिला, आणि गेली.

दुसऱ्या दिवशी मी फाइल उघडली. माप बदलायचं होतं, म्हणजे उघडायचा हक्क मला होता. आकडे बदलले. मग नजर खाली गेली. हिरव्याचा 'इफ', त्याखाली लालचा 'इफ'. आणि मला वाटलं, किती सोपं आहे! दोन दिवे एकापाठोपाठ लागतात कारण दोन्ही अटी तपासल्या जातात. मध्ये 'एल्स' घातला की एकच दिवा लागेल. नुकतंच वर्गात शिकलो होतो. मी लालच्या 'इफ'च्या आधी 'एल्स' लिहिला आणि बोर्डात भरला.

एक चांगली पिन ठेवली. हिरवा. एक जाड ठेवली. पिवळा. लुकलुकणं नाही. बायका खूश. बारीक पिन मी ठेवून पाहिली नाही. बारीक नमुन्याची पिन माझ्याच कपाटात होती, आठ पावलांवर. एकतीस वर्षं दुसऱ्या रिंगशिवाय एकही पिन मी सोडली नव्हती, आणि त्या दिवशी ते कपाट मी उघडलं नाही. का, ते विचारू नका. मी स्वतःला इतक्यांदा विचारलंय की प्रश्नच गुळगुळीत झालाय.

ज्यांना ही भाषा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मी काय केलं होतं. माझ्या हाताच्या हिशोबात पहिल्या रिंगमधून गेलेली पिनच दुसऱ्या रिंगकडे जाते. 'एल्स' घातल्यावर उलटं झालं. पहिल्या रिंगमधून न गेलेल्या पिनाच तेवढ्या दुसरीकडे जाऊ लागल्या. बारीक पिन पहिलीतून सहज जायची, हिरवा दिवा लागायचा आणि दुसरी अट तिच्यासाठी कधी विचारलीच जायची नाही. प्रत्येक बारीक पिन चांगली ठरली. आज मला हे चार वाक्यांत सांगता येतं. तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ते लिहिलेलं होतं आणि मला दिसत नव्हतं.

ती परत आली. पहिल्याच दिवशी स्टँडपाशी उभी राहून म्हणाली, "अरे वा, लुकलुकत नाही आता! वेळ कमी केला त्यानं झालं वाटते."

मी म्हणालो, "झालं बाई ठीक."

तेव्हाच सांगितलं असतं तर तिने मला दोन शिव्या घातल्या असत्या, फाइल उघडली असती आणि मिनिटात चूक सापडली असती. पण शपथेवरून ती मला चिडवेल, एवढीच तेव्हा भीती होती. एवढीच.

दहा-बारा दिवसांनी बोम्मसंद्राहून माल परत आला. तिथले पंपवाले आमचे जुने गिऱ्हाईक. पिना भोकात सैल बसत होत्या, खडखडत होत्या. मी रिंगा काढल्या. पिना पहिलीतून गेल्या, दुसरीतूनही गेल्या. एक, दोन, दहा.  पण खरं सांगतो, तेव्हाही माझ्या 'एल्स'मुळे हे झालं असेल असं मला स्पष्ट कळलं नव्हतं. सुई बिघडली असेल, घासणाऱ्याने माप सोडलं असेल, असंच काहीबाही मनात येत होतं. आणि त्या सगळ्याच्या खाली कुठेतरी तो एक शब्दही होता. मी त्याच्याकडे पाहत नव्हतो.

मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. मी, ती आणि घासण्याच्या विभागाचा सुपरवायझर. तिने फाइल उघडली. बघता बघता तिचा चेहरा उतरला.

"सर, इथे 'एल्स' आहे," ती हळूच म्हणाली. "हा इथे नको. यानं बारीक पिनेची अट तपासलीच जात नाही."

"कुणी लिहिला?"

तिने ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाली, "मीच लिहिला असेल सर. लग्नाला जायच्या दिवशी घाईत बदल केले होते. वेळ बदलल्याचं आठवते. हे आठवत नाही. पण प्रोग्राम माझाच आहे."

मालक माझ्याकडे वळले. कन्नडमध्येच विचारलं, "अण्णा, तुम्हीही ती फाइल उघडता ना? तुम्ही काही केलं का?"

मी म्हणालो, "मी फक्त आकडे बदलतो."

हेच ते उत्तर. मी आकडेच बदलत असे. रोजच्या कामाबद्दल ते खरं होतं. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. माझ्यावर संशय घ्यायचा असतो हे तिच्या मनातच आलं नसावं. मान खाली घालून ती पडद्यावरच्या त्या ओळीकडे बघत होती, स्वतःचं अक्षर ओळखू येत नसल्यासारखी.

त्या महिनाअखेरीला तिचे सहा महिने संपत होते. तिला कायम केलं नाही. मालक वाईट माणूस नव्हते, गिऱ्हाईक जाता जाता वाचलं होतं आणि त्यांना कुणालातरी जबाबदार धरायचं होतं. शेवटच्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी आली.

"काका, मला वाटते, मला हे जमत नाही. लिहिताना मी काय लिहून राहिली हेच मला माहीत नसते, तर मग काय उपयोग?"

"असं नसतं गं," मी म्हणालो. दुसरं काही म्हणालो नाही.

पण त्याआधीच एक शनिवार येऊन गेला होता. केबिनमधल्या दिवसानंतरचा पहिला. बेकरीच्या वरच्या वर्गात बाईंनी फळ्यावर गुणांचं उदाहरण लिहिलं. पस्तीसच्या वर असतील तर पास. एल्स इफ, पंचाहत्तरच्या वर असतील तर विशेष प्रावीण्य. मग मुलांना विचारलं, नव्वद मिळवणाऱ्याला काय मिळेल? पोरं ओरडली, विशेष प्रावीण्य! बाई म्हणाल्या, नाही, नुसतं पास. नव्वद हे पस्तीसच्या वरच आहेत. पहिलीच अट खरी झाली, पुढची कुणी विचारणारच नाही.

त्या दिवशी मला सगळं कळलं. बाई माझ्यापाशी आल्या, "अर्थ आयता अंकल?" समजलं का, असं. मी म्हणालो, "आयतु." घरी येऊन जेवलो नाही. सोमवारी मालकांकडे जायचं ठरवलं. सोमवारी गेलो नाही. मंगळवारी ती दिसली, तिच्याशी बोलायचं ठरवलं. तिच्याकडून उगाच एक पेन मागून परत आलो. असे तिचे उरलेले दिवस संपले.

आणि वर काय झालं पाहा. स्टँड कपाटात गेला, रिंगा परत आल्या. कारखान्यात सगळे म्हणू लागले, मशीनपेक्षा अण्णाचा हात बरा. माझ्या निरोपसमारंभातही मालकांनी हेच सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हार घालून बसलो होतो.

तेव्हापासून मी तो केबिनचा दिवस कागदावर मांडत आलोय. जर मला माहीत होतं, तर मी खोटारडा. जर माहीत नव्हतं, तर मी नुसता अडाणी, आणि अडाणीपणाला माफी असते. पण मांडायला गेलो की ओळी जागेवर राहत नाहीत. कारण समजायच्या आधीच मी लपवलं होतं. 'मी फक्त आकडे बदलतो' हे मी म्हणालो, तेव्हा 'एल्स'चं काय झालं ते मला कळलेलं नव्हतं, तरी लपवायचं आहे हे कळलेलं होतं. जे कळलंच नाही ते माणूस लपवतो कसा? की आतून कळलं होतं? बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "तुम्ही एवढा विचार करता, त्याऐवजी त्या मुलीला फोन का करत नाही?" तिला मी इतकंच सांगितलं होतं की बारीक पिन तपासायची माझ्याकडून राहून गेली. 'एल्स' माझा होता हे तिला माहीत नव्हतं.

फोन मी केला नाही. या वर्षी तिचाच आला. ती बेंगळुरूतच आहे, लग्न झालंय, सासूबाईंना घेऊन बनशंकरीच्या देवळात आली होती. जवळच आलेय तर काकांना भेटून जाते म्हणाली. तासाभरात दारात हजर.

तीच हसरी, जरा जाड झालेली. सासूबाई शांत बसून चहा पीत होत्या. हिने माझ्या बायकोला सगळी हकिकत रंगवून सांगायला घेतली.

"काकू, तुम्हाला काकांनी सांगितलंच नसेल. माझ्या एका शब्दानं केवढ्या पिना परत आल्या! एक शब्द, 'एल्स'! आता मी आमच्या कंपनीत नवीन मुलांना शिकवते ना, पहिल्या दिवशी हीच गोष्ट सांगते. पोट धरून हसतात."

"एकाच शब्दानं?" बायको म्हणाली.

"हो ना! मग मी लिहिणंच सोडलं. भीती बसली हो. अजूनही लिहीत नाही, लोकांनी लिहिलेलं तपासते. म्हणजे काकांचंच काम करून राहिली मी."

"तुला लिहायला आवडायचं," मी म्हणालो. 

"आवडायचं ना. पण स्वतःवर भरवसाच नाही राहिला." मग सासूबाईंकडे वळून म्हणाली, "पण आई, काका किती चांगले. मालकांसमोर माझ्याविरुद्ध एक शब्द बोलले नाहीत."

बायकोने कप उचलता उचलता माझ्याकडे पाहिलं. तिला काय कळलं, किती कळलं, मी विचारलेलं नाही. तिनेही नंतर विषय काढलेला नाही.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. समोर सासूबाई होत्या म्हणून नाही बोललो, असं त्या वेळी स्वतःला सांगितलं. खाली रिक्षापर्यंत सोडायला गेलो. सासूबाई आत बसल्या, ती मागे राहिली, चप्पल नीट करत होती. अर्धं मिनिट आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "एक सांगायचं होतं." ती म्हणाली, "सांगा ना काका." आणि मी म्हणालो, "मेन रोडनं जाऊ नका, मेट्रोचं काम चालू आहे, मागच्या रस्त्यानं जा."

"सरी अण्णा!" ती मला चिडवत कन्नडमध्ये म्हणाली आणि बसली.

रिक्षा वळली तरी मी तिथेच उभा होतो. जे म्हणायचं होतं ते इतकंच. तो 'एल्स' तू लिहिला नव्हतास, पोरी. तू नागपूरला असताना मी लिहिला, तू नको म्हणाली होतीस तिथेच, आणि बारीक पिन लावून पाहिली नाही. मालकांनी विचारलं तेव्हा मी तुझ्या बाजूने गप्प बसलो नव्हतो, माझ्या बाजूने बसलो होतो. तुझा प्रोग्राम बरोबर होता. तुला येत होतं. का गप्प बसलो ते मला अजून नीट सांगता येत नाही, पण ते सांगता येईपर्यंत थांबायला नको होतं. मला माफ कर.